सहा महिन्यांच्या आतला फोटो

"हा मी नाहीच," गिऱ्हाईक फोटो डोळ्यांजवळ नेत पुटपुटलं. "काकू, हा कुणी दुसराच दिसतोय. सासऱ्याची माफी मागायला निघालेला."

"नोकरीच्या फोटोत कुणीच आपल्यासारखं दिसत नाही, भाऊ," फोटोवाल्या बाई म्हणाल्या. "साहेब समजून घेतील. तेही असलाच फोटो देऊन चिकटलेत."

गिऱ्हाईक हसलं, अंगातला कोट काढून खिळ्याला अडकवला आणि गेलं. स्टुडिओचा तो कोट एकच. पाठ मधोमध उसवून तिथं चार नाड्या लावलेल्या. जाडा आला की सोडायच्या, बारका आला की आवळायच्या. पुढून साहेब, मागून पोतं. पण फोटोत पाठ येत नाही, आणि आसपासच्या निम्म्या माणसांच्या नोकऱ्या या कोटाच्या पुढच्या बाजूवर लागल्या होत्या.

बाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. जेवणाची वेळ झाली होती, पण आधी धाकटीचा फोटो काढायचा होता. उद्या सकाळी नऊला तिची मुलाखत. मूळ प्रमाणपत्रं आणावीत, त्यांच्या झेरॉक्स आणाव्यात, सहा महिन्यांच्या आत काढलेले तीन फोटो आणावेत, खाली नाव आणि तारीख छापलेले, असं पत्रात होतं. कार्यालय तेच होतं, पाच वर्षांपूर्वी थोरला मुलगा मुलाखतीला गेला होता ते. पत्र घरात तिघांनीही वाचलं होतं. पत्त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"आई, उद्या हाच कोट घालून गेले तर?" धाकटी कोट अंगात चढवत म्हणाली.

"आणि उठून निघताना?"

"उलटी चालत बाहेर येईन. म्हणतील, काय नम्र मुलगी आहे."

"गप. निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, तो घाल. केस घट्ट बांध. कपाळावर आले की घाबरल्यासारखी दिसतेस."

"घाबरलेलीच आहे मी. तीन ठिकाणी नाही म्हणालेत, आता हे शेवटचं. यांनीही नाही म्हटलं तर तुझ्या शेजारी बसून लोकांच्या हनुवट्या वर करत जन्म काढायचा."

बाई नाड्या आवळायला तिच्या मागे गेल्या. आवळायचं काही नव्हतं. कोट तिच्या खांद्यांवर मापून शिवल्यासारखा बसला होता. असा तो आजवर एकदाच कुणाला तरी बसला होता. बाई कॅमेऱ्यामागे आल्या आणि डोळा लावला. स्टुलावर बसलेल्या पोरीनं मान किंचित डावीकडे कलवली, ओठ आत घेतले. बाईंचं बोट बटणावर थबकलं. ही सवय धाकटीची नव्हती.

"आई, काढ ना. पापणी मिटेल आता."

बाईंनी बटण दाबलं.

आतल्या खोलीत नवरा कॉम्प्युटरवर बसलेला असे. फोटो काढणं बाईंचं, साफ करणं, छापणं, कापणं त्याचं. मुरमं पुसायची, कॉलर सरळ करायची, खाली नाव आणि तारखेची पट्टी टाकायची. हात असा की लग्नाच्या फोटोत रुसलेली आत्यासुद्धा हसरी करून द्यायचा. धाकटीचा फोटो त्यानं पाच मिनिटांत साफ केला, आठ फोटोंचा ताव छापला आणि बाहेर काउंटरवरच्या कटरवर कापायला घेतला.

त्याच कटरवर दर सहा महिन्यांनी आणखी एक ताव कापला जाई. त्याबद्दल बाईंना माहीत होतं. थोरला मुलाखत देऊन संध्याकाळी पाचला तिथून निघाला, एवढं तिथल्या शिपायानं सांगितलं होतं. पुढचं कुणालाच सांगता आलं नाही. आठ दिवसांनी टपालानं पत्र आलं, आपली निवड झाली आहे, रुजू होताना सहा महिन्यांच्या आतले तीन फोटो आणावेत. तेव्हापासून नवरा फोटो ताजे ठेवत होता. जुनी तारीख खोडायची, नवी टाकायची, ताव छापायचा, पाकिटात भरून काउंटरच्या खणात ठेवायचा.

पहिली दोन वर्षं नुसती तारीख बदलली. मग एकदा बाईंनी पाकीट उघडलं तर थोरल्याच्या डोळ्यांखाली बारीकशी रेघ होती. पुढच्या खेपेला गाल थोडे भरले. नंतर कपाळावरचे केस विरळ झाले. बाईंनी पाकीट होतं तसं ठेवलं. मध्यंतरी एका म्हातारीनं काउंटरवर राहिलेला ताव पाहिला आणि कौतुकानं म्हणाली, "पोरगा आला वाटतं परत? अंगानं भरलाय हो!" नवरा म्हणाला, "हो, जरा भरलाय." बाई सुट्टे देत होत्या. त्यांचेही हात थांबले नाहीत.

आता नवऱ्यानं धाकटीच्या फायलीत तिचे फोटो सरकवले, मग खण उघडून ते पाकीट काढलं आणि त्याच फायलीत घातलं.

"हे तिथल्या मोठ्या साहेबांना दे," तो म्हणाला. "म्हणावं, उशीर झालाय खरा. पण फोटो ताजे आहेत."

धाकटीनं पाकीट उघडलं. एक फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, हा कोण?"

"कोण म्हणजे? दादा तुझा."

"दादा असा नव्हता दिसत."

"पाच वर्षं झाली बाळा. माणूस तसाच राहतो का?"

कानशिलावर दोन पांढरे केस होते. एकेक केस वेगळा काढलेला, कुठं चूक नाही. फोटोतला माणूस बापासारखा दिसायला लागला होता. तो कुठंतरी जेवतोय, झोपतोय, आरशात बघून केस विंचरतोय, असंच कुणालाही वाटलं असतं. धाकटीनं आईकडे पाहिलं. बाईंनी खिळ्यावरचा कोट उगाच नीट केला.

"देते बाबा," धाकटी हळूच म्हणाली. "आधी दादाचे देऊ की आधी माझे?"

"आधी त्याचे. त्याची जागा आधीची."

तिनं मान हलवली, पाकीट स्वतःच्या फोटोंच्या वर ठेवलं आणि फाईल बंद केली. बाईंना उद्याची सकाळ स्पष्ट दिसली. निळा शर्ट, घट्ट बांधलेले केस. मुलाखत घेणारे तिघे म्हणतील, फोटो द्या, आणि ही पोरगी आधी हे पाकीट पुढं करील. हा कोण, म्हणून ते विचारतील. मग ही काय सांगेल? बापाचा शब्द मोडायची नाही ती. काहीतरी सांगेल, आणि चौथं नाही घेऊन घरी येईल. मग सहा महिन्यांनी तिचाही ताव निघेल, तिच्याही डोळ्यांखाली बारीकशी रेघ.

"फाईल इकडे दे," बाई म्हणाल्या.

"अगं, राहू दे," नवरा म्हणाला. "काय बिघडतंय तुझं?"

"तुम्ही आत आला नव्हता," बाई म्हणाल्या.

"कुठं आत?"

"पोलिसांनी बोलावलं होतं तेव्हा. नदीकाठी सापडलेल्या माणसाचा फोटो दाखवायला. तुम्ही बाहेर बाकावर बसलात. म्हणालात, तूच जा, तुला चेहरे कळतात."

नवऱ्यानं कटरचं पातं खाली दाबून धरलं. खाली कागद नव्हता. "आणि तू बाहेर येऊन म्हणालीस, हा आपला नाही."

"म्हणाले."

"मग झालं तर."

धाकटीनं फाईल काउंटरवर ठेवली. बाहेर कुणीतरी वाकून अर्ध्या शटरखालून विचारलं, "काकू, फोटो मिळतील का?" मग ती पावलं निघून गेली.

"फ्लॅश फार जवळून मारला होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलावा इतका साधा होता. "चेहरा पांढराफटक आला होता. पण डावा कान नीट दिसत होता. तो कान मी शंभरदा काढलाय. अहो, तो आपलाच होता. मी खोटं बोलले."