न पोहोचलेला निरोप

निवडणूक झाली, निकाल लागला, गुलालही धुऊन गेला. पण चर्चमधली मंडळी काही एकत्र बसेना. मधल्या वाटेच्या डावीकडे एका पक्षाची माणसं, उजवीकडे दुसऱ्याची. शेजाऱ्याचा हात धरून प्रार्थना करायची वेळ आली की वाटेच्या कडेला बसलेले हात खिशात घालत.

पाळकसाहेबांना हे सगळं दिसत होतं. पण स्वभावच भिडस्त! डावीकडचा भेटला की म्हणत, “तुमचं बरोबर आहे.” उजवीकडच्याला म्हणत, “तुमचंही खोटं नाही.” दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, यांना मात्र दोन्हीकडे चहा मिळत होता.

सुतार आणि मास्तर वर्षानुवर्षं गायनवृंदात एकाच पुस्तकातून गाणारे. प्रचारात शब्दानं शब्द वाढला. सुतारानं मास्तरांना ‘देशाचा वैरी’ म्हटलं, मास्तरांनी त्याला ‘विकाऊ’. बोलणं बंद.

मग मास्तर अंथरुणाला खिळले. पाळकसाहेब इस्पितळात गेले तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरला. “सुताराला म्हणावं, एकदा येऊन जा. मी बोललो ते चुकलं.”

पाळकसाहेब सुताराच्या दुकानापर्यंत गेले. आत त्याच्या पक्षाची माणसं बसलेली. आपण मास्तरांच्या बाजूचे ठरलो तर? ते तसेच घरी परतले.

“वातावरण जरा निवळू दे,” ते बायकोला म्हणाले.

बायको त्याच इस्पितळात परिचारिका. ती म्हणाली, “अहो, वातावरणाला वेळ असेल, मास्तरांना नाही. तुम्ही मेंढपाळ ना? मेंढरांनाच भिऊन कसं चालेल? गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे!”

“उद्या जातो,” ते म्हणाले.

पहाटे मास्तर गेले.

मंडळीतल्या प्रत्येक मयताची शवपेटी सुतारच करून देई. पाळकसाहेब दुकानात शिरले तेव्हा तो एका चौकटीला रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, “बाजारात तयार मिळतात.”

“अरे, इतक्या वर्षांचा दोस्त तुझा.”

“दोस्त? नुसती हाक मारली असती तरी अनवाणी धावत गेलो असतो.”

पाळकसाहेब गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

“मारली होती हाक,” ते म्हणाले. “चुकलो म्हणाला. मीच तुला सांगितलं नाही.”

रंधा थांबला. “का?”

“तुझी माणसं काय म्हणतील म्हणून.”

सुतारानं रंधा बाजूला ठेवला. “साहेब, आम्ही भांडून तोडलं होतं, ते जोडता आलं असतं. तुम्ही गप्प राहून कायमचं तोडलंत!”

पेटी त्यानं केली. पण चर्चच्या दारात मास्तरांच्या बायकोनं त्याला अडवलं. “आता आलास? ते जिवंत होते तेव्हा कुठे होतास?” सुतार खाली मान घालून उभा राहिला. पाळकसाहेबांचं नावही त्यानं घेतलं नाही.

ते मात्र पाळकसाहेबांना सोसवेना. भर अंत्यविधीत त्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. डावीकडून कुणी ओरडलं, “हा त्यांचाच माणूस!” उजवीकडून, “दुतोंड्या!” एवढ्या एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. मास्तरांच्या बायकोनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी निम्मे बाक रिकामे होते. सुतार आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. पाळकसाहेब आता रोज दारोदार जातात. याचा निरोप त्याला सांगतात, आणि ज्याचं चुकलं त्याला तोंडावर सांगतात. बरीच दारं उघडत नाहीत. आतून टीव्हीचा आवाज तेवढा वाढतो. कुणी कुणाशी बोलायला लागलेलं नाही. तरी ते जातात.

मित्रहो, मतं वेगळी असणं हा गुन्हा नाही. पण माणसं जोडायची जबाबदारी ज्यानं घेतली, त्यानं दोन्हीकडे गोड बोलून स्वतःला सांभाळणं, हा मात्र गुन्हा आहे. समेटाचा निरोप हाती आला तर त्याच पावली निघा. पाळकसाहेबांना हे उमगलं. पण ते ऐकायला मास्तर राहिले नव्हते.