नर्सबाईंच्या दाराचं कुलूप

माझ्या सासऱ्यांना पोलिसांनी पकडलं ते एका स्प्रिंगसाठी. नखाएवढी स्प्रिंग, पण कागदावर तिची चोरीच झाली.

सासरे किल्लीवाले. एका निवृत्त नर्सबाईंच्या दाराचं कुलूप अडकायला लागलं म्हणून त्यांनी ते काढून आणलं. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यात नवी स्प्रिंग घातली आणि दारावर लावून बघायला निघाले. त्यांची चाळीस वर्षांची हीच रीत. चालली तर परत येऊन पैसे द्यायचे, नाही चालली तर स्प्रिंग परत. पण जुना मालक गेला होता आणि नव्या मॅनेजरला रीत ठाऊक नव्हती. त्याने थेट पोलीस बोलावले. संध्याकाळी सासऱ्यांना जातमुचलक्यावर सोडलं. कुलूप मात्र मुद्देमाल म्हणून लाखेची मोहोर लावून ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी अकराला सुनावणी होती.

वकील म्हणाला, "गुन्हा कबूल करा. किरकोळ दंड होईल, बाराला घरी."

"मिटवून टाकू गं," नवरा म्हणाला. "चारचौघांत शोभा नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या किल्ल्यांच्या दुकानात भिंतीवर लावलेला परवाना अकरा वर्षं मीच पुसतेय, त्यावरच्या अटी मला पाठ आहेत. चोरीत दोषी ठरला की किल्लीवाल्याचा परवाना रद्द.

"मिटेल ते दुकान मिटेल," मी म्हटलं.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? साक्षीला कुणी आलं तर ठीक. नाहीतर हो म्हणून मोकळा होतो."

सुनावणीच्या सकाळी नवरा त्यांना घेऊन कोर्टात गेला आणि मी नर्सबाईंचं घर गाठलं. दाराला आतून खुर्ची लावलेली होती. "मी किल्लीवाल्यांची सून," मी फटीतून सांगितलं.

"कुठे गायब झालेत तुझे सासरे?" त्या कडाडल्या. "तीन दिवस माझ्याच घराची राखण करतेय मी!"

मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून दार उघडलं. "अगं, मला सांगून गेले होते. दारात लावून बघतो, चालली तर पैसे देऊन येतो म्हणाले. येते मी साक्षीला. पण हे दार उघडं टाकून? मागे एकदा दवाखान्यात गेले तेवढ्यात घर धुऊन नेलं होतं."

"मी थांबते ना राखणीला."

"रागावू नकोस, पण तुला मी आजच पाहतेय. आणि खटला तुझ्याच सासऱ्यांवर."

मी कपाळाला हात लावला. बाईंचं कुलूप कोर्टात, आणि त्या कुलपावाचून बाई कोर्टात येणार नाहीत!

धावत दुकानात गेले. नवं कुलूप आणि सासऱ्यांची हत्यारांची पिशवी उचलली. मशीनवर किल्ल्या काढायची मला मुभा होती, पण पटाशीला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. "लाकूड एकदा गेलं की गेलं," हे त्यांचं ठरलेलं. नवं कुलूप जुन्या खाचेपेक्षा मोठं निघालं. म्हणजे लाकूड तासणं आलंच. पहिल्या घावाला पटाशी नुसती घसरली. दुसऱ्याला ढलपी उडाली आणि नर्सबाईंनी डोळे मिटले. तिसऱ्यापासून मी कुणाकडे बघितलंच नाही.

साडेदहाला कुलूप बसलं. शेवटचा स्क्रू तिरका गेला. दोन्ही किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. त्यांनी कुलूप लावलं, दार तीनदा ढकलून पाहिलं आणि म्हणाल्या, "चल."

आम्ही जिना चढून आत शिरलो तेव्हा सासऱ्यांचा पुकारा झाला होता. न्यायाधीशबाई विचारत होत्या, "गुन्हा कबूल आहे का?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांची नजर दाराकडे गेली आणि आम्ही त्यांना दिसलो.

"नाही," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "कबूल नाही."

नर्सबाईंनी सगळं खणखणीत सांगितलं. मग न्यायाधीशबाईंनी मॅनेजरला विचारलं, "यांनी कुलूप लपवलं होतं?"

"नाही, हातातच होतं. 'लावून बघतो' असं म्हणत निघाले होते."

"मग ही चोरी कशी?" त्या म्हणाल्या. सासरे निर्दोष सुटले.

बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले. सासरे मात्र चपापून नर्सबाईंकडे वळले. "पण बाई, तुमचं दार उघडंच?"

बाईंनी किल्ली दाखवली. "सुनेनं बसवलंय तुमच्या."

ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. त्यापेक्षा कोर्ट बरं, असं मला वाटलं. घरी जायचं सोडून ते सरळ त्या दाराशी गेले. खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुलूप दोनदा लावलं, दोनदा उघडलं. तिरक्या स्क्रूपाशी बोट थांबलं.

"पटाशी घेतली तुमची. बोला काय बोलायचं ते," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा काढ आणि सरळ बसव. आपल्या दुकानाचं काम आहे."