खालून दुसरी

कोमट मेणाची गोळी आत्याबाईंनी कोंबडीच्या चोचीवर दाबली आणि अंगठ्याने दोन्ही बाजूंनी सारखी केली. कोंबडी त्यांच्या काखेत आवळलेली होती, आणि तिचे पाय सूनबाईच्या हातात होते.

"घट्ट धर. काचेचे नाहीत ते."

"धरलेत, आत्याबाई."

"धरलेत म्हणे! हात नुसते ठेवलेत, पाहुणीसारखे."

सूनबाईने बोटं आणखी आवळली. कोंबडीने एक डोळा वर करून आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोघींच्या नजरेत एकमेकींविषयी काडीचाही आदर नव्हता.

मेण निवलं. चोचीचा ठसा अलगद सुटून हातात आला, नाकपुड्यांच्या बारीक खुणांसकट. आत्याबाई तो बोटांत धरून फिरवत राहिल्या. तेवढा वेळ त्यांचा चेहरा बरा दिसला.

"आता या बाईंना चष्मा लावायचा," त्या म्हणाल्या. "आजूबाजूचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. समोरचं दिसलं नाही की टोचणार कुणाला? बसतील गुमान. वहिनींनाही एक करून द्यावा म्हणते."

सूनबाई हसली नाही. कधी हसायचं आणि कधी नाही, हे तिला या घरात अजून उमगलेलं नव्हतं.

आत्याबाई कवळ्या करत. दंतवैद्य माणसांच्या हिरड्यांचे ठसे धाडत, आणि भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून आत्याबाई मेणात एकेक दात रोवत, गुलाबी हिरड्या ओतत, घासत, चकचकीत करत. त्यांना संसार नव्हता, स्वतःचं घर नव्हतं. ही खोली होती. खिडकीसमोर टेबल, टेबलावर फळीभर बोळकी तोंडं, आणि खिडकीबाहेर परसातल्या कोंबड्या. माणूस तोंडाच्या आतून पाहिला की त्याच्याविषयी मान राहत नाही, असं त्या म्हणत. खरं तर तो आधीही फारसा नव्हता. तिरस्कार त्यांच्या आधी उठे, त्यांच्यासोबत चहा पिई, आणि दिवसभर टेबलाखाली मांजरासारखा पायाशी बसून राही. दादा म्हणजे बायकोने हूं म्हटलं की हूं म्हणणारा. वहिनी म्हणजे नुसता आवाज. पुतण्या म्हणजे तो आवाज कानी पडला की बुटांत पाय घालणारा. आणि सूनबाई म्हणजे भिजलेला हातरुमाल. पिळला तर पाणी, नाही पिळला तर वास.

वहिनींनी कोंबड्या पाळल्या त्या शेजारणीने पाळल्या म्हणून. नावं मात्र आत्याबाईंनी ठेवली. सगळ्यांत पुढे चालणारी, जिला वाट देण्यासाठी बाकीच्या नकळत बाजूला सरत, ती मोठ्या बाई. तिच्या मागे मागे दाणे वेचणाऱ्या दोघी कारकुनिणी. मग ठिपक्याठिपक्यांची ठिपकी. आणि सगळ्यांत शेवटी टकली. टोचा खाऊन तिच्या पाठीवर पीस उरलं नव्हतं, लाल कातडी उघडी पडली होती. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर ती येई, आणि रिकाम्या भांड्याला चोच लावून जाई. आत्याबाईंना सगळ्यांत जास्त राग तिचाच येई.

"मार बसायच्या आधीच मान वाकवते," त्या म्हणत. "असलीला कोण नाही मारणार?"

खाद्याच्या दुकानात कोंबड्यांचे चष्मे टांगलेले त्यांनी पाहिले होते. पातळ, तकलादू, गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसणारे. त्यापेक्षा आपण करू तो बसेल तरी नीट, म्हणून मोठ्या बाईंच्या टोचण्यावर इलाज करायचं त्यांनी मनावर घेतलं. टकलीची दया आली म्हणून नव्हे. कुणाची दया येऊन काही करावं, असं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई हिरडीच्या रंगाचा गुलाबी चष्मा लावून परसात उतरल्या. पुतण्या हसून हसून लोळला. दादांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे परवानगी दिसली, मग तेही हसले.

या सगळ्यामागे घरात आणखी एक गोष्ट शिजत होती. पुतण्याला आणि सूनबाईला झोपायला हॉलमधला पलंग होता, मध्ये एक पडदा. आता मुलाला स्वतंत्र खोली हवी होती, नाहीतर तो भाड्याने दूर कुठेतरी जाणार होता, आणि तो दूर गेलेला वहिनींना चालणार नव्हता. घरात रिकामी करता येण्याजोगी खोली एकच होती. त्यावर रविवारी जेवताना बोलू, असं दादा म्हणाले होते. म्हणजे वहिनी म्हणाल्या होत्या. आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. ही पोरगी टिकणार नाही. कंटाळेल, रडेल, नवऱ्याला घेऊन नाहीतर एकटी, निघून जाईल. आणि ती जावी म्हणून आपल्याकडून होईल ती मदत त्या करत. जेवताना वहिनी सुरुवात करत, आत्याबाई शेवट.

"मीठ जरा मोजून घालत जा गं," वहिनी म्हणत.

"मोजायला आकडे यावे लागतात, वहिनी," आत्याबाई म्हणत.

मग सगळे हसत. आत्याबाईंच्या जिभेला धार आहे, हे घरात सगळे मानत. तेवढं एक मानत.

एकदा सकाळी खुराड्याशी उभी राहून सूनबाई फोनवर बोलत होती. खिडकी उघडी आहे, हे तिच्या लक्षात नसावं. "आई, मी थोडे दिवस तिकडे येऊ का?" मग बराच वेळ पलीकडचं बोलणं. मग, "हो, तिथे आपल्या वहिनीला अडचण होईल, खरंय. नाही नाही, सहज विचारलं." फोन ठेवून तिने कोंबड्यांचं पाणी बदललं. आत्याबाईंनी कवळीवरून हात न उचलता हे सगळं ऐकलं, आणि चांगली लागू पडणारी वस्तू जपून ठेवावी तसं जपून ठेवलं.

चष्म्याने काही साधलं नाही. उलट बिघडलं.

"वन्सं, तुमच्या त्या चष्म्यापासून टकलीचं रक्त निघायला लागलंय," वहिनी खिडकीशी येऊन म्हणाल्या. "कवळ्या अशाच करता का हो? वरची बसवायची खालच्या जबड्यात?"

हे मात्र झोंबलं. आत्याबाईंच्या हातची कवळी आजवर परत आली नव्हती. त्यांनी मेण तापवायचा दिवा मालवला, पालथी बादली घेतली आणि परसात जाऊन बसल्या. बघू तरी काय होतं ते.

मोठ्या बाई भांड्याला धडकत होत्या. समोरचं दिसत नसल्याने मान वाकडी करून त्या दाणा शोधत, आणि कारकुनिणी त्यांच्या अंगावरून वाट काढत. थोरवी अशी एका दिवसात उतरलेली पाहून आत्याबाईंना गंमत वाटली. मग एका कारकुनिणीने ठिपकीला जरासं ढोसलं. फार नाही, सरक म्हणण्यापुरतं. ठिपकी सरकली. तिने भांड्याकडे पाहिलं, दाणा अजून भरपूर होता. पण दाणा सोडून ती वळली, सगळं परस ओलांडून कुंपणाशी अंग चोरून बसलेल्या टकलीकडे गेली, उघड्या पाठीवर नेमकी एक टोच मारली, आणि तशीच परत येऊन पिसं फुगवून खायला लागली.

आत्याबाई बघत राहिल्या. पुन्हा तेच झालं. वरून जरासा धक्का, आणि ठिपकीची फेरी. पूर्वी अशा वेळी मोठ्या बाई नुसत्या चालत मधे येत आणि प्रकार तिथेच थांबे. हे आत्याबाईंनी खिडकीतून कितीदा पाहिलं होतं, आणि दरवेळी त्यांना वाटलं होतं की मोठ्या बाईच मारायला निघाल्या आहेत.

सूनबाई पाण्याची झारी घेऊन आली.

"ठिपकी आहे ती," आत्याबाई म्हणाल्या. "मारणारी."

"हो."

"हो काय? तुला माहीत होतं?"

"रोज बघते मी."

"मग मोठीला काखेत धरून बसले होते तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?"

सूनबाईने पाणी ओतलं. ओतून झाल्यावर झारी खाली ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "मोठीला टकली दिसतसुद्धा नाही हो, आत्याबाई. ठिपकीचं तसं नाही. ठिपकीच्या खाली कोण आहे? टकली एकटीच."

ती साधं बोलली होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना टोमणा, ना धीटपणा. आत्याबाईंनी तिथे काहीतरी सापडतंय का म्हणून नीट शोधलं. मग त्या उठल्या, मोठ्या बाईंना धरलं आणि चष्मा काढला. ठिपकीला मात्र तो त्यांनी लावला नाही. तिच्या चोचीला तो बसलाही नसता. संध्याकाळपर्यंत त्या टेबलापाशी बसून होत्या, आणि एका दाताची जागा तीनदा बदलूनही त्यांना तो सरळ वाटेना.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. सूनबाईने वाढलं आणि तीही बसली.

"तर खोलीचं बोलायचं होतं," दादा म्हणाले आणि वहिनींकडे पाहू लागले.

वहिनींनी आधी घास घेतला. "हा रस्सा आहे की पाणी, ते तेवढं वाढताना सांगत जा गं. म्हणजे प्यायचं की खायचं ते कळेल."

मग बोलण्यात जराशी जागा सुटली. ती आत्याबाईंची होती. दादांच्या ओठांची कड आधीच हलली होती. पुतण्याने मान वर केली. सूनबाईने मान खाली घातली, नेहमी घाली तशी, बोलणं यायच्या आधीच.

आत्याबाईंच्या जिभेवर वाक्य आलेलं होतं. चांगलं होतं. त्यांनी ते घासाबरोबर चावलं आणि गिळून टाकलं.

जागा तशीच राहिली. हसायला निघालेले सगळे वाटेतच थांबले, आणि आता कुठे जायचं ते त्यांना कळेना.

"काय वन्सं?" वहिनी म्हणाल्या. "आज दात खोलीतच विसरलात वाटतं!"

हशा पिकला. दादा हसले, पुतण्या हसला. आणि सूनबाई हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा, अगदी वेळेवर.

"खरंच आई," ती सासूला म्हणाली, "खोलीचं एवढं काय त्यात? आत्याबाईंना लागतं काय, एक टेबल आणि एक दिवा. व्हरांड्यात बसल्या तरी चालेल. दात काय कुणी चोरून नेतंय?"

आता तर वहिनींनी ताटावर हातच आपटला. "अगं बाई! बोलते की ही!" त्यांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू ती आज दारातून आत आली होती.

आत्याबाईंनीही पाहिलं. पोरीची मान ताठ होती. गालांवर रंग आला होता. एका हाताने ती ताटाची कड धरून होती, आणि ते ताट बारीक बारीक वाजत होतं. जपून ठेवलेली वस्तू काढायला हीच वेळ होती. एकच प्रश्न पुरला असता. तुझ्या माहेरी तरी आहे का गं जागा? सगळ्यांसमोर, हसत हसत. ताट वाजायचं थांबलं असतं.

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट पाहू लागली.

"व्हरांड्यात वारा असतो," आत्याबाई म्हणाल्या. "मेण लवकर निवेल. बरंच आहे ते."

"बघा! ठरलं तर मग," दादा घाईने म्हणाले.

सूनबाई हसायची थांबली. तिची नजर आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून हलेना. तिथे तिला काय शोधायचं होतं, ते तिलाही कळत नसावं. वहिनी खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते सांगू लागल्या. आत्याबाईंनी रश्श्याचं पातेलं पुढे ओढलं आणि आपल्या ताटात आणखी एक पळी वाढून घेतली.