तरंगलेली टाकी

ताईच्या गॅरेजात गाड्यांचं ऑइल बदलून मिळायचं. काढलेलं काळं तेल मागच्या अंगणात पिंपांत साठवायचं आणि टँकर आला की देऊन टाकायचं, अशी वडिलांपासूनची रीत. मग एकदा एक पिंप कलंडलं. तेल उतारानं निघालं ते थेट शेजारच्या लाँड्रीच्या दारात, आणि तिथे धुऊन ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींची बोचकी होती. लाँड्रीवालीनं त्या दिवशी ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नंतर बोलणंच टाकलं. वर प्रदूषण मंडळाच्या तपासनीस बाई येऊन बजावून गेल्या: पिंपं बंद. नवी टाकी बसवा आणि तिच्याभोवती सिमेंटचा असा कठडा बांधा, की उद्या टाकी फुटली तरी तेलाचा थेंब बाहेर जाता कामा नये. नाहीतर गॅरेजला टाळं.

तेव्हापासून ताईला त्या कठड्यानं झपाटलं. जेवताना कठडा, झोपताना कठडा. तिचा धाकटा भाऊ गॅरेजात मेकॅनिक होता. तो चहाचा कप टेबलावर ठेवायला गेला की ही लगेच खाली बशी सरकवायची. हसणं तर ती विसरूनच गेली होती. तिचे यजमान म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. भाऊ त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही भावोजीच म्हणत. माणूस मोठा गमत्या. पण बायकोला हसवायचे त्यांचेही सगळे उपाय थकले होते.

अखेर गवंड्यानं कंबरभर उंचीचा कठडा बांधला, आतून-बाहेरून गिलावा केला, आणि तो नीट वाळल्यावर क्रेननं टाकी आत ठेवली. नवीकोरी, निळी, आडवी, पोट सुटलेल्या म्हशीसारखी ऐसपैस. तपासनीस बाई दुपारी यायच्या होत्या. सकाळी ताईनं भावाला गाठलं: कठडा गळका निघाला तर? भाऊ म्हणाला, त्यात काय, पाणी भरून बघू. तिला ते पटलं. त्यानं नळाचा पाइप आत सोडला. भावोजी तोवर रंगाचा डबा घेऊन टाकीच्या पाठीवर मांडी ठोकून बसले होते. झाकणाजवळ ‘फक्त काळं तेल’ अशी वळणदार अक्षरं काढायचा त्यांचा बेत होता.

पाणी चढत गेलं. ताई बाहेरून कठड्याभोवती प्रदक्षिणा घालत, वाकून वाकून कोपरे हातानं चाचपत होती. कुठेही ओल नव्हती. तिला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात भावोजींनी वरून विचारलं, “अगं, टाकी हलतेय, की मला चक्कर येतेय?”

ताईनं मान वर न करता त्यांना गप्प बसून रंगवायला सांगितलं. पण दोघांनाही वाटलं त्याहून गोष्ट साधी होती. टाकी आत रिकामी, आणि तिचे पाय जमिनीला बोल्टनं आवळायचे राहून गेलेले. पाणी पुरेसं चढताच तिनं अलगद बूड उचललं आणि होडीसारखी कठड्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. भावाचा आ वासला. नळ बंद करायचंही त्याला सुचलं नाही. मग टाकी कलायला लागली. भावोजी उठून उभे राहिले. टाकी डावीकडे फिरली की ते उजवीकडे पावलं टाकत, उजवीकडे फिरली की डावीकडे. एका हातात ब्रश, दुसरा हात हवेत, आणि चेहऱ्यावर वर्गात तपासनीस आल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर येतो तसला भारदस्तपणा. शेवटी ते धप्पकन पाण्यात पडले. उठले ते कमरेइतक्या पाण्यात, ओलेचिंब, पण ब्रश कोरडा राहील असा डोक्यावर धरून.

ताईचं हसू आधी नाकात आलं. तिनं ओठ दाबून धरले, पदर तोंडात कोंबला, पण ते कुठूनतरी फुटलंच. ती कठड्याला धरून खाली बसली. भाऊ नळ बंद करून तिला सावरायला आला आणि तोही तिच्या शेजारी बसून हसायला लागला.

आवाज ऐकून लाँड्रीवाली भिंतीवरून डोकावली. बोलायचं नाही ही शपथ तिला बहुधा आठवत होती, कारण क्षणभर तिनं तोंड घट्ट मिटलं.

“टाकीला पोहायला शिकवताय होय?” शेवटी तिनं विचारलं.

त्यावर ताईला पुन्हा हसण्याचा उमाळा आला, आणि भिंतीपलीकडून लाँड्रीवालीचंही खिदळणं ऐकू यायला लागलं. नेमक्या अशा वेळी तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या. वेळेच्या बऱ्याच आधी.

ताई डोळे पुसत उठली. “हा... हा कठडा...” एवढंच बोलली आणि पुढचं पुन्हा हसण्यात वाहून गेलं. बाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कठड्याभोवती फिरून त्यांनी गिलावा बोटानं दाबून पाहिला, कोपरे पाहिले, खालची जमीन कोरडी असल्याची खात्री केली. मग टाकीवरची अर्धवट अक्षरं वाचली. “फक्त का,” त्या म्हणाल्या. “फक्त का काय?”

भावोजींनी पाण्यातूनच ब्रश उंचावून दाखवला.

“कठडा पास,” बाई म्हणाल्या. “टाकी नापास. कधी पावसाचं पाणी असंच साचलं असतं, तर ही टाकी जोडलेले पाइप तोडून उठली असती आणि सगळं तेल अंगणात आलं असतं. आज कळलं ते बरं झालं. पाय जखडून टाका, मग मी सही करते.”

“फक्त टाकीचेच ना?” भावोजींनी पाण्यातून विचारलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पण खांदे गदगदत होते ते काही लपेनात. शेवटी त्यांनी पर्स कठड्यावर ठेवली आणि मोकळेपणानं हसून घेतलं.

कठड्याला भोक ठेवायचं नाही हा नियम ताईनं कसोशीनं पाळला होता, त्यामुळे पाणी काढायला पंप लावावा लागला. लाँड्रीवालीनं आपल्या अंगणात पाइप ओढून घेतला आणि त्या पाण्यानं दारापुढची फरशी धुऊन काढली. चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणाली. टाकी खाली बसली ती तिरकी, कोपऱ्यात नाक खुपसून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रेन आली. भावानं पाय बोल्टनं असे आवळले, की त्याचे हात दुखून आले. ताईनं टाकीला खांदा लावून सगळी ताकद पणाला लावली. ती तसूभर हलली नाही. भावोजी उरलेली अक्षरं पुरी करायला शिडी लावून वर चढले. थोड्या वेळानं शिडी करकरली. पदर खोचून ताई वर येत होती.

“जरा सरका,” ती म्हणाली.