गिऱ्हाइकाचा कोट

दुकान खाली, बिऱ्हाड वर. शिंपी कापायचा, बायको शिवायची. कापताना त्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची. "पुरुष मुळात एकीचा नसतोच हो. रक्तातच नाही ते," असं तो गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून सांगायचा, जणू रक्ताचंही माप यानंच घेतलंय. मागे एकदा रंगेहाथ सापडला, तेव्हाही हेच सांगत रडला होता. बायकोनं डोळे पुसले, त्याचेही आणि आपलेही, आणि बजावलं, "पुन्हा असं झालं तर हे दार तुम्हाला बंद."

आज तो निळा कोट घेऊन आला, तिच्या हातचा नसलेला.

"गिऱ्हाइकाचा आहे. डाव्या खांद्यात फुगतो म्हणते. मला तर काही दिसत नाही बुवा. जरा घालून बघ."

तिनं घातला. फांदीवर पाखरू बसावं तसा कोट अंगावर बसला.

"बघ!" शिंपी खूश. "कोटात काही खोट नाही. त्या बाईचंच अंग वाकडं!"

ती आरशासमोर उभी राहिली. तिचा डावा खांदा जन्मापासून उतरलेला. तिच्या कपड्यांत तिथं तो कापसाची छोटी गादी घालायचा. लग्नानंतरच्या पहिल्या कपड्यात घातली, तेव्हा ती वळून वळून आरशात बघत राहिली होती. ह्या कोटातही तीच गादी होती.

"गिऱ्हाइकाचं माप दाखवा."

"माप... नजरेनंच घेतलं."

"टेप न लावता तुम्ही फक्त माझे कपडे कापता."

शिंप्याचा चेहरा पडला, पण जीभ कुठली पडायला! "अगं, मग बघ की! मन भरकटलं असेल, पण हात? हातात तूच बसलीयस! दुसरीचं कापायला घेतलं तरी तूच उतरतेस. याहून एकनिष्ठ काय असतं?"

"वा! मग हात तेवढा ठेवून जा, कामाला येईल. बाकीचं सामान तिच्याकडे न्या."

"अगं, पुरुषाचं रक्तच..."

"रक्ताला कशाला मध्ये घेता? तुमचा हात राहिलाच ना एकीचा? कापड वाया जाईल म्हणून कसा शिस्तीत राहिला! बायको वाया गेली तर तुम्हाला काय, निसर्ग म्हणून मोकळे."

तिनं त्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. ओढावं लागलं नाही. उसवलेल्या बाहीसारखा आला. आतून कडी घातली.

मग दारावर हळूच टकटक.

"ऐकतेस का? माझं जेवण?"

ती मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला आणि चाक फिरवलं.