कणगीतला मफलर

कुत्र्याला माणसाचं नाव ठेवू नये, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. पण कुणाची तरी खोड काढल्याशिवाय आमच्या ह्यांना पेज गोड लागायची नाही. आमच्या लग्नात माझ्या चुलतभावाने मानपानावरून तोंड फुगवलं होतं, त्याचं नाव बाबल्या. चाळीस वर्षांनी ह्यांनी लांज्याच्या बाजारातून पिल्लू आणलं आणि त्याचंही नाव ठेवलं बाबल्या.

पिल्लू कसलं, वीतभर जीव. तीन वर्षांचा झाला तरी मांजराएवढाच राहिला. दिवसभर ह्यांच्या मागे काजूच्या बागेत, रात्री ह्यांच्या खाटेखाली. हे विडी ओढत त्याला सगळ्या गावाच्या भानगडी सांगायचे. माझ्याशी दिवसातून दहा शब्द नाही आणि कुत्र्याशी तोंडाला खंड नाही. मला राग यायचा. आता कुणापासून लपवायचं, हेवाच वाटायचा मला त्या कुत्र्याचा.

मार्गशीर्षात हे गेले. सकाळचा चहा झाला, छातीत कळ आली, आणि गाडी रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुंबईहून अनिल, माझा मुलगा, आला. भावकी जमली. गेलेल्या माणसाचं वापरलेलं आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. ह्यांचं अंथरूण, घोंगडी, सदरे, चपला, सगळं पुरुषमाणसांनी व्हाळावर, खालच्या ओढ्यावर, नेऊन टाकलं. खाटसुद्धा बाहेर काढली.

मी एकच वस्तू चोरली. ह्यांचा तपकिरी मफलर. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि भाताच्या कणगीत खाली दडपून ठेवला. स्वतःच्या नवऱ्याची वस्तू मला स्वतःच्या घरात चोरावी लागली.

बाराव्याच्या आदल्या रात्री आमच्यात पीठ पसरतात. माणूस जिथे निजायचा तिथे तांदळाचं पीठ, त्यावर पालथी टोपली, शेजारी दिवा. सकाळी टोपली उचलून बघायचं, पाय कुणाचा उमटला. गाईचा, पाखराचा की माणसाचा. त्यावरून म्हणे पुढचा जन्म कळतो. आता ती जागा म्हणजे बाबल्याची निजायची जागा. तो पिठात फिरला तर ह्यांना कुत्र्याचा जन्म म्हणतील, अशी सगळ्यांना धास्ती. तेव्हा बाबल्याला गोठ्यामागच्या लाकडांच्या खोपीत कोंडायचं ठरलं. ठरवलं सगळ्यांनी, पण कडी मी घातली.

रात्रभर तो ओरडला. आधी भुंकला, मग केकाटला, मग काहीतरी निराळंच, बारीक पोर रडावं तसं. मी माजघरात बायकांच्या मध्ये पडून ऐकत होते. उठावंसं वाटलं. पण उठले तर म्हणतील, नवऱ्यापेक्षा कुत्रा जड झाला हिला. एक रात्र रडेल आणि गप्प होईल, असं मनाला सांगत पडून राहिले. मला स्वतःला त्या बारा दिवसांत रडायला झालंच नाही. आल्यागेल्याचा चहा, सोयऱ्यांची जेवणं, कुणाला काय हवं नको, त्यातच दिवस गेले.

सकाळी टोपली उचलली. पिठात बारीक रेघा. सगळ्यांनी पाखरू म्हणून हात जोडले. मला तर उंदीर वाटला, पण मी कशाला बोलतेय. मग खोप उघडायला गेले. बाबल्या कोपऱ्यात थरथरत होता, नखं तुटून रक्ताळलेली. आणि खोपीभोवतीच्या धुळीत बिबट्याची पावलं. एक फेरी नव्हे, तीन-चार. खोपीच्या दाराशी तर ठाण मांडून बसल्याची खूण. आम्ही आत पिठात पाय शोधत बसलो होतो आणि खरा पाय बाहेर उमटला होता.

त्या दिवसापासून अंधार पडला की बाबल्याचं भुंकणं सुरू व्हायचं, ते पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. पान हललं तरी भुंकायचा. मी त्याला पडवीतून आत घेतलं. तो थेट खाटेच्या रिकाम्या जागेवर जायचा, जमीन हुंगायचा, आणि दाराकडे तोंड करून परत भुंकायला लागायचा. रात्रभर दिवा ठेवून बघितला. गुरवाकडून अंगारा आणला, गळ्यात काळा दोरा बांधला. हळद घालून दूध पाजलं. एका रात्री सहन झालं नाही, तेव्हा केरसुणीने मारलासुद्धा. त्याने मार खाल्ला आणि माझ्याच पायाशी येऊन बसला. तो हात अजून मला खुपतो.

शेजारी बाबूभावोजी, ह्यांचे चुलतभाऊ. त्यांची सून वेदिका दीड महिन्याची बाळंतीण. पोर भुंकण्याने दचकून उठायचं आणि मग सगळं घर जागं. भावोजींनी महिनाभर कळ काढली, खोटं कशाला बोलू. मग एका सोमवारी खळ्यात येऊन उभे राहिले.

"वयनी, मी काय तुमच्या वाईटावर नाय. पण पोर झोपत नाय. शनवारी रिक्षा घेऊन पूर्णगडला जातोय, याला बंदरावर सोडतो. मासळी खाऊन जगेल."

जगेल कसला. बंदरावरची कुत्री ह्याच्या चौपट, पहिल्याच रात्री फाडून खातील. फोनवर अनिलही तेच म्हणाला, सोडून दे म्हणून. त्याचं काय जातंय. मला घरात हाक मारायला, कुणावर तरी खेकसायला तेवढा एक जीव उरला होता.

बुधवारी गाईला बघायला जनावरांची डॉक्टरीण आली, शमिका म्हणून, पोरसवदा आहे पण शहाणी. तिला बाबल्या दाखवला. सगळं ऐकून ती म्हणाली, मारू नका, ओरडू नका, रात्री निजेपर्यंत जवळ बसा. मग म्हणाली, "आजी, त्याच्या माणसाचं एखादं न धुतलेलं कापड असेल तर अंथरायला द्या. वासाने त्याला धीर येईल."

मी म्हटलं, काही राहिलं नाही, सगळं व्हाळावर गेलं. धडधडीत खोटं बोलले.

कारण रोज तिन्हीसांजेला मी कणगी उघडत होते. पिशवीची गाठ थोडीच सोडायची, नाक लावायचं, एकदाच, आणि परत गाठ मारायची. विडी, खोबरेल आणि ह्यांच्या घामाचा वास. संपू नये म्हणून पुरवून घेत होते. कुत्र्याला दिला की चार दिवसांत त्याला कुत्र्याचा वास येणार, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे ह्यांचं दुसरं काहीच नव्हतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी बाबल्या नेहमीसारखा भुंकायला उठला, तर त्याचा आवाजच फुटेना. घसा बसलेला. तरी तोंड उघडून भुंकतच होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि कणगीशी गेले.

शेवटचा म्हणून पोटभर वास घेतला. मग मफलर खाटेच्या जागी पसरला. बाबल्याने हुंगला. शेपूट एकदम हलायला लागलं, दाराकडे धावला, परत आला, परत हुंगला. मग गोल गोल फिरून त्यात तोंड खुपसून बसला. मी भिंतीला टेकून बसले होते. कधी झोपला कळलंच नाही. बारीक घोरत होता.

शनिवारी सकाळी भावोजी आले. म्हणाले, वयनी, काल पोर गाढ झोपलं. आणि रिकामी रिक्षा घेऊन पूर्णगडला गेले.

पंधरा दिवस झाले असतील. बाबल्या एकदाही भुंकला नाही. काल रात्री तो झोपला होता आणि मला राहवलं नाही. मफलरचं टोक हळूच ओढून नाकाशी धरलं. कुत्र्याचा वास. सगळीकडून चाचपून बघितला, घडीघडीत नाक घातलं. कुत्र्याचाच. शेवटी वेड्यासारखं बाबल्याच्या मानेत नाक खुपसलं, निदान त्याच्या अंगाला तरी विडीचा वास लागलाय का बघायला. नव्हता.

तेव्हा मी रडले. बारा दिवसांत राहिलेलं सगळं, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. बाबल्या जागा झाला, माझ्याकडे बघत राहिला. भुंकला मात्र नाही. मफलरवर थोडा सरकला, आणि मी उरलेल्या जागेवर डोकं टेकलं.