न जुळलेली रीडिंग

सोमवार, १४ जून १९७६. सकाळी पावणेअकराला गोपिका डाखोळे रसायनशास्त्र विभागात आली आणि प्रा. मधुसूदन पिंपळापुरे यांच्यापुढे तिने गुणपत्रिका ठेवली. एम.एस्सी.चा पहिला वर्ग चार गुणांनी हुकला होता.

पिंपळापुरे यांनी चष्मा काढून डोळे चोळले. निकालानंतरचे आठ दिवस असेच जात. कुणी रडायला येई, कुणाचा मामा ओळख काढत येई. बावीस वर्षांत त्यांना या आठवड्याचा इतका वीट आला होता, की समोरच्याचे बोलणे संपायच्या आतच त्यांचे ‘बघू’ तयार असे.

गोपिकाला मात्र गुण वाढवून नको होते. शहरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत संशोधन सहायकाच्या दोन जागा निघाल्या होत्या. पहिला वर्ग हवा, नसल्यास शिक्षकाचे सकारण पत्र. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ते जमले नाही तर कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी शब्द टाकून ठेवलाच होता. एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट, एक जुलैपासून.

पत्र द्यायला पिंपळापुरे यांची ना नव्हती. त्यांनी नेहमीचे लिहून दिले. कष्टाळू, सालस, वर्तणूक उत्तम. गोपिकाने ते उभ्या उभ्या वाचले.

“सर, हे तुम्ही सगळ्यांनाच देता.”

“मग काय लिहू?”

“माझे नऊ मार्क काहून कापले, ते.”

ते त्यांना चांगले आठवत होते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंग पालटला की आकडा टिपायचा. असे तीनदा. विभागाचा रिवाज असा, की तिन्ही आकडे तंतोतंत सारखे हवेत. त्यामुळे मुले एकदाच मोजत आणि तोच आकडा तीन ओळींत उतरवून काढत. पिंपळापुरे यांना हे ठाऊक होते. विद्यार्थी असताना त्यांनीही तेच केले होते. गोपिका तेवढी खरोखर तीनदा मोजत बसली. तिचे आकडे आले १८.२, १८.४ आणि १८.३. उत्तर बरोबर होते. तरी त्यांनी सवयीने ‘रीडिंग जुळत नाहीत’ असा शेरा मारला आणि पुढची वही ओढली. आणि दर जुलैत नव्या मुलांपुढे उभे राहून, दिसेल तेच लिहा, भिऊ नका, असे सांगणारेही तेच होते.

तिचे वडील चंपतराव बाहेर बाकावर बसले होते. दार उघडेच होते. बोलावण्याची वाट न पाहता ते आत आले.

“सर, मले तुमचं शास्त्र समजत नाही. पोरीचे आकडे जुळले नाही म्हणता, पण मी रोज डेअरीत दूध घालतो. दोन दिवस माप सारखं भरत नाही. ज्याचं रोज सारखं भरते ना, त्यानं पाणी घातलं समजा.”

“बाबा, चूप राहा ना.”

“काहून वं? मी का शिव्या देऊन राहिलो त्याइले?”

पिंपळापुरे यांनी त्यांना बुधवारी या म्हणून सांगितले.

तीन मसुदे फाडून झाल्यावर चौथ्यात खरे उतरले: तीन वेळा मोजून जे दिसले ते या विद्यार्थिनीने लिहिले, गुण कापले ही चूक माझी. बुधवारी ते पत्र घेऊन ते विभागप्रमुख विश्वनाथ देवपुजारी यांच्याकडे शिक्क्यासाठी गेले. देवपुजारी यांनी ते दोनदा वाचले. सध्याचे आणीबाणीचे दिवस कसे आहेत आणि निवृत्तीला किती वर्षे उरलीत, याची त्यांनी सौम्यपणे आठवण करून दिली. मग म्हणाले, “हे खरं धरलं, तर बाकीच्या एकोणीस मुलांचं काय लिहाल? ती सगळी पहिल्या वर्गात पास आहेत.”

शिक्का मिळाला नाही. पिंपळापुरे यांनी नुसती सही केली आणि पाकीट गोपिकाच्या हाती दिले. धीराचे काही बोलावे म्हणून तोंड उघडले, तर तेच जुलैचे भाषण ओठांवर आले. ते गिळून त्यांनी कळमेश्वरची बस किती वाजता आहे ते विचारले.

गुरुवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेच्या खिडकीवर अर्ज दाखल झाला. कारकुनाने आवक क्रमांक घातला, पत्र उलटसुलट पाहिले आणि समासात पेन्सिलीने लिहिले, ‘शिक्का नाही’. चालेल की नाही ते साहेब ठरवतील, असे त्याने सांगितले.

बुधवार, ३० जून, संध्याकाळी सहापर्यंत प्रयोगशाळेकडून बोलावणेही आलेले नाही आणि नकारही नाही. देवपुजारी यांनी त्या पत्राची नक्कल मागितली आहे, ती पिंपळापुरे यांनी अजून दिलेली नाही. कारखान्यात गोपिकाला उद्या सकाळी नऊला हजर व्हायचे आहे. जाणार की नाही, हे तिने घरात कुणाला सांगितलेले नाही.